बहावा बियांपासून कसा वाढवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यात रस्त्याकडेचा बहावा पिवळ्या घोसांनी लगडला की तो आपल्या दारातही असावा असं अनेकांना वाटतं. मग बी कुठून आणायचं, ते उगवत का नाही, रोप वाढतंय पण फुलत का नाही, असे प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बियांचा भाग मुद्दाम सविस्तर लिहिला आहे, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

पिवळ्या फुलांची झाडं बरीच आहेत. बहावा नेमका कसा ओळखायचा?

फुलांचे घोस खाली लोंबत असतील तर तो बहावा. सोनमोहर आणि कासोद ही रस्त्याकडेची दोन झाडं पिवळीच फुलतात, पण त्यांचे तुरे वर ताठ उभे असतात. फुलं नसतील तेव्हा पान बघा. बहाव्याचं पान संयुक्त असतं, त्यावर पर्णिकांच्या साधारण चार ते आठ जोड्या असतात आणि एकेक पर्णिका चांगली बोट-दीड बोट लांब, रुंद असते. सोनमोहराची पानं गुलमोहरासारखी बारीक पिसारलेली असतात. शेंग पाहिली तर शंकाच राहत नाही. बहाव्याची शेंग गोल नळीसारखी, काळपट, ३० ते ६० सेंटीमीटर लांब. इतर दोघांच्या शेंगा चपट्या.

हे झाड आपलंच आहे की बाहेरून आलेलं?

आपलंच. गुलमोहर मादागास्करहून आला, पण बहावा सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणात, विदर्भाच्या पानझडी जंगलांत पहिल्यापासून आहे. आयुर्वेदात त्याला आरग्वध म्हणतात, हिंदीत अमलतास, वनस्पतिशास्त्रात कॅशिया फिस्टुला. केरळचं ते राज्यफूल आहे आणि विषूच्या सणाला पहाटे दर्शनासाठी जी मांडणी करतात त्यात ही फुलं लागतातच. थायलंडचंही हे राष्ट्रीय फूल. महाराष्ट्राचं राज्यफूल मात्र ताम्हण, बहावा नव्हे. हा घोळ बऱ्याचदा होतो.

शेंगा कधी गोळा कराव्यात?

या उन्हाळ्यात फुललेल्या फुलांच्या शेंगा पिकायला पुढचा हिवाळा उजाडतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा गोळा करायचा योग्य काळ. पूर्ण काळी, कडक झालेली शेंग कानाशी धरून हलवा. आतला गर आक्रसलेला असतो, त्यामुळे बिया खुळखुळतात. हिरवट-तपकिरी शेंग ओढून तोडू नका, तिच्यातलं बी कच्चं असतं. सालीवर बारीक भोकं दिसली तर ती शेंग बाजूला टाका. आत अळी शिरून बिया पोखरून गेलेली असते.

कोणत्या झाडाची शेंग घ्यायची याचाही विचार करावा. बियांपासून आलेलं प्रत्येक झाड थोडं वेगळं निघतं, तरी आपल्याच गावच्या हवेत, आपल्याच पावसावर पोसलेल्या आणि दरवर्षी भरभरून फुलणाऱ्या झाडाचं बी हेच मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. दूरवरून पाकिटबंद बी मागवण्यापेक्षा मे महिन्यात आसपासचं एखादं देखणं झाड हेरून ठेवा आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याच्याखाली जा.

शेंगेतून बी कसं काढायचं?

शेंग नारळ फोडतो तशी दगडावर आपटा किंवा हातोडीने हलके ठोके द्या. आत नाण्यांची चळत रचावी तसे पातळ पडदे एकावर एक दिसतात. दोन पडद्यांमध्ये एक बी आणि त्याला लागून काळा, चिकट, गोडसर उग्र वासाचा गर. एका शेंगेत चाळीसपासून शंभरेक बिया सहज निघतात. गरासकट बिया तासभर पाण्यात टाका, गोणपाटाच्या तुकड्यावर चोळा आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. गर राहिला तर मुंग्या लागतात आणि पेरल्यावर बुरशी धरते. धुतलेली बी चपटी, लंबगोल, तांबूस तपकिरी आणि चकचकीत दिसते. सावलीत वाळवून काचेच्या बरणीत ठेवली तर एक-दोन वर्षांनीही ती उगवते.

बी पेरून दोन महिने झाले, एकही अंकुर नाही. बी खराब होतं का?

बहुधा नाही. बी जिवंत आहे, फक्त त्याच्यापर्यंत पाणी पोचलेलंच नाही. बहाव्याच्या बीचं कवच इतकं घट्ट असतं की ओल्या मातीत महिनोन्‌महिने पडूनही ते कोरडंच राहतं. जंगलात ही अडचण नसून सोय असते. माकडं, कोल्हे, अस्वलं, रानडुकरं गरासाठी शेंगा खातात, बिया त्यांच्या पोटातून जातात. उरलेल्या बिया ऊन, पाऊस, वणव्याची धग सोसत पडून राहतात आणि कवच झिजेल तशा कोणी या वर्षी, कोणी तिसऱ्या वर्षी उगवतात. सगळ्या एकदम उगवून एखाद्या कोरड्या जुलैत एकदम मराव्यात, यापेक्षा ते झाडाच्या फायद्याचं. आपल्याला मात्र सगळी रोपं एकाच हंगामात हवी असतात, म्हणून कवच आपणच उघडावं लागतं.

घरच्या घरी सर्वात खात्रीचा उपाय नेलकटरचा. बी चिमटीत धरून नीट पाहा. एका टोकाला बारीकसा ठिपका दिसतो. ते बीचं देठाकडचं टोक, तिथे आत अंकुर असतो, त्याला हात लावायचा नाही. विरुद्ध टोकाच्या कडेला नेलकटरने तांदळाच्या कणीएवढाच तुकडा उडवा. चकचकीत तपकिरी सालीखाली फिकट पांढरा भाग डोकावला की थांबा. त्याच्या आत जायचं नाही. नेलकटर नको असेल तर तीच कड सँडपेपरवर घासली तरी चालते. मग बिया साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्या फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या, साल मऊ आणि मळकट झालेली दिसली म्हणजे काम झालं. एखादी बी तशीच टणक, चकचकीत राहिली असेल तर काप उथळ पडला आहे. तिला पुन्हा थोडं कापून पुन्हा भिजवा.

बिया पाचशे आहेत. प्रत्येकीला काप द्यायला वेळ नाही.

मग गरम पाणी. पाणी खळखळून उकळा, भांडं आचेवरून खाली उतरवा, मग त्यात बिया टाका आणि त्याच पाण्यात चोवीस तास राहू द्या. बिया आचेवर उकळायच्या नाहीत, त्याने अंकुर शिजतो. या पद्धतीने सगळ्या बिया फुगत नाहीत. फुगलेल्या वेचून पेरा आणि उरलेल्यांना पुन्हा एकदा तसंच पाणी द्या.

मोठ्या रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्लात बिया काही मिनिटं बुडवून मग भरपूर पाण्याने धुतात. त्याने उगवण उत्तम होते, पण ते काम हातमोजे, चष्मा आणि सराव असलेल्या माणसाचं. घरी हा प्रयोग करू नये. गॅसवरचं पाणी आणि नेलकटर असताना आम्लाची गरजच पडत नाही.

पेरायचं कधी आणि कशात?

मार्च ते मे. उन्हाळ्याच्या उबेत बी लवकर उठतं आणि पावसाळाभर रोपाला वाढायला मिळतं. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत एवढं मिश्रण पुरे. बी साधारण एक सेंटीमीटर खोल, आडवं टाका. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. नीट फुगलेली बी आठ-दहा दिवसांत वर येते, मागे राहिलेल्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत.

वाफ्यात पेरून रोप उपटून लावण्यापेक्षा थेट पिशवीत पेरणं चांगलं. बहाव्याचं सोटमूळ फार लवकर खाली धावतं. वरती चार पानं दिसत असतात तेव्हा खाली मूळ वीतभर गेलेलं असतं. म्हणून पिशवी रुंदीपेक्षा खोलीला जास्त असलेली घ्या आणि तळाला भोकं पाडा. पिशव्या मातीवर ठेवल्या असतील तर महिन्यातून एकदा जागच्या जागी उचलून हलवा, नाहीतर मूळ भोकातून जमिनीत घुसतं आणि लावायच्या वेळी तुटतं.

पहिल्या वर्षी रोप फारसं उंच होत नाही, ढोपराला लागलं तरी खूप. या काळात ते खाली वाढत असतं, म्हणून खतांचा मारा करून घाई करू नका.

फांदी खोचून बहावा येतो का?

पांगारा, चाफा, शेवगा जसा फांदी खोचून लागतो तसा बहावा लागत नाही. गुटी कलमाने काही वेळा मुळं फुटतात, पण यश बेभरवशाचं आणि सोटमूळ नसल्याने वाऱ्यात झाड कमकुवत. जुन्या झाडाच्या मुळांवर कधी कधी फुटवे येतात, ते पावसाळ्यात मुळाच्या तुकड्यासकट वेगळे करून लावता येतात. एरवी बीच बरी.

कलमं लागतात ती संकरित जातींसाठी. बहावा आणि गुलाबी फुलांचा जावा कॅशिया यांच्या संकरातून हवाईमध्ये ‘रेनबो शॉवर’ नावाची झाडं तयार झाली. त्यांना बी जवळजवळ धरत नाही, म्हणून ती कलमानेच वाढवतात. होनोलुलूच्या रस्त्यांवर ती मोठ्या प्रमाणात दिसतात.

तयार रोप विकत घ्यायचं आहे. काय बघू?

उंचीला भुलू नका. छोट्या पिशवीतलं सहा फुटी रोप म्हणजे आत मुळांचा गुंडाळा झालेला असतो आणि असं झाड पाच-सहा वर्षांनी वादळात मुळासकट कलंडतं. दोन-तीन फुटांचं, खोडाशी जाड, एकाच सरळ शेंड्याचं रोप निवडा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत बहावा बहुतेक ठिकाणी मिळतो आणि स्वस्त असतो. ‘गुलाबी बहावा’ म्हणून विकतात ते जावा कॅशिया, हे लक्षात ठेवून घ्या.

कुठे आणि कसं लावायचं?

दिवसभर ऊन मिळेल अशी जागा. मुरमाड, दगडगोट्यांची जमीन त्याला चालते. पाणी तुंबणारी काळी माती चालत नाही. काळ्या रानातच लावायचं असेल तर उंचवट्यावर लावा आणि खड्ड्यात मुरूम मिसळा.

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढून तापू द्या. दोन चांगले पाऊस झाले की अर्धी घमेली शेणखत वरच्या मातीत कालवून रोप लावा. पिशवी उभी चिरून काढा, मुळं तळाशी गोल फिरलेली असतील तर तेवढी धारदार कात्रीने कापून टाका. आधाराला बांबू द्या. दोन झाडांत १५ ते २० फूट आणि घराच्या भिंतीपासून किमान १० फूट अंतर हवं. झाड १० ते १५ मीटर जातं, म्हणून वर विजेच्या तारा नाहीत ना हे आधी मान वर करून बघा. गुरं-शेळ्या त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, पण तुडवतात, त्यामुळे काट्यांचं कुंपण लागतंच.

पाणी आणि खत किती?

पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद. खताला पावसाच्या सुरुवातीला घमेलंभर शेणखत. बहावा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी नसतात, त्यामुळे लहानपणी हे शेणखत त्याला खरंच उपयोगी पडतं. युरिया घालू नका. फांद्या लांबतात, पानं माजतात आणि फुलं मागे पडतात.

मार्चमध्ये सगळी पानं गळाली. झाड मेलं का?

नाही. तो पानझडी आहे, ऊन चढलं की पानं टाकतो. खात्री करायची असेल तर काडीची साल नखाने किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं म्हणजे सगळं ठीक. थोड्याच दिवसांत कळ्यांच्या माळा सुटतात आणि त्यांच्याबरोबर किंवा मागोमाग तांबूस कोवळी पालवी येते.

सात वर्षं झाली, झाड उंच झालं, पण फुलत नाही.

बियांपासूनचा बहावा पाच ते आठ वर्षांत फुलायला लागतो, त्यामुळे अजून वर्षभर वाट बघायला हरकत नाही. मात्र तीन गोष्टी तपासा. पहिली, ऊन. इमारतींच्या सावलीतला बहावा उंच जातो आणि पानांवरच राहतो. दुसरी, छाटणी, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तिसरी आणि सोसायट्यांच्या बागांत हमखास आढळणारी, पाणी. हिरवळीला रोज फवारा सुरू असतो आणि बहावा त्याच हिरवळीत उभा असतो. त्याला उन्हाळा आल्याचं कळतच नाही. पानं अर्धवट गळतात, फुलं चार-दोन लोंबतात. त्याच रस्त्यावर फुटपाथच्या फटीत उभा असलेला, कोणी तांब्याभर पाणी न घातलेला बहावा त्या वेळी पिवळाधमक असतो. झाड जुनं झालं की जानेवारीपासून त्याच्या बुंध्याचं पाणी पूर्ण तोडा. माळ्याला हे पटवणं अवघड जातं, कारण पाणी न घालणं म्हणजे हयगय असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. बहाव्याच्या बाबतीत तीच खरी निगा आहे.

फुलं खूप येतात, शेंगा मात्र मोजक्या. असं का?

हे स्वाभाविक आहे. शेकडो फुलांमागे एखाद-दुसरीच शेंग धरते. फुल हातात घेऊन बघा. दहा पुंकेसरांपैकी तीन लांब, बाकदार, पुढे आलेले असतात, बाकीचे आखूड. मोठे काळे भुंगे फुलाला पकडून अंग थरथरवतात आणि पराग सांडतात. हे भुंगे वाळक्या लाकडात भोक पाडून राहतात. परिसरातली प्रत्येक वाळकी फांदी आणि जुना वासा उचलून नेला, शिवाय फुलांच्या दिवसांत कीटकनाशक फवारलं, तर शेंगा आणखी कमी धरणार.

छाटणी कधी करावी?

फुलं संपल्यावर, जूनच्या आसपास. हिवाळ्यात किंवा मार्चमध्ये फांद्या उतरवल्या तर त्या वर्षीचा बहर हातचा जातो. पालिकेची किंवा वीज कंपनीची मान्सूनपूर्व छाटणी नेमकी बहराच्या तोंडावर येते. आपल्या भागातल्या बहाव्यांची यादी आधीच देऊन ठेवली आणि तारांपुरतीच छाटणी मागितली तर निदान काही झाडं वाचतात. लहानपणी खालच्या फांद्या काढून एक सरळ खोड ठेवा, पुढे वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपलीकडे काही काढू नका. शेंडा छाटून झाड गोल करण्याचा मोह टाळा. घोस लोंबायला लांब, मोकळ्या फांद्याच लागतात.

शहरी भागात झाड तोडायला, मोठ्या फांद्या उतरवायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड तुमच्या आवारात असलं तरी.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या आहेत. काय मारू?

काही मारू नका. त्या बहुधा कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या आहेत. फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं नंतर झाडाभोवती घिरट्या घालताना दिसतील. मोठं झाड खाल्लेली पानं महिन्याभरात भरून काढतं. रोप अगदी लहान असेल आणि शेंडाच कुरतडला जात असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडा. पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा आणि कडुनिंबाचं तेल पुरतं. वाळवी मात्र लहान रोपाचा घात करते. खड्ड्यात कच्चं शेणखत आणि लाकडाचे तुकडे टाकू नका.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो, हे खरं का?

खेड्यापाड्यात हा आडाखा पक्का आहे आणि त्यामागे पिढ्यांचं निरीक्षण आहे. बहर साधारण एप्रिलच्या मध्यापासून, पाऊस जूनच्या सुरुवातीला, म्हणजे हिशोब जुळतोच. पण एकाच गल्लीतल्या दोन बहाव्यांच्या बहरात तीन-तीन आठवड्यांचा फरक असतो आणि काही झाडं ऑक्टोबरातही थोडी फुलतात. बहर हा सोसलेल्या उन्हाचा आणि कोरडेपणाचा परिणाम आहे. पेरणीची तारीख त्यावरून ठरवू नये.

शेंगा विषारी आहेत का? घरात लहान मुलं आहेत.

गर रेचक आहे. त्यात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात; आयुर्वेदात तो याच कामासाठी वापरतात. मुलांनी गोड लागतो म्हणून चाटला तर पोटात कळा येऊन जुलाब होऊ शकतात. शेंगा पडायला लागल्या की आवारातून गोळा करा आणि पोट साफ करायला म्हणून वैद्यांना न विचारता कुणालाही देऊ नका, गरोदर बाईला तर नाहीच.

गच्चीवर कुंडीत लावला तर?

जगेल, फुलण्याची आशा कमी. मोठ्या ड्रममध्ये काही वर्षं राहील, पण सोटमुळाला ती जागा पुरत नाही. गच्चीवर रोपं तयार करा आणि तिसऱ्या पावसाळ्याच्या आत जमीन शोधून द्या.

आम्ही परदेशात असतो. तिथे येईल का?

फ्लोरिडाचा दक्षिण भाग, हवाई, सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी येतो. आखातात ठिबक मात्र लागेल. जिथे दरवर्षी हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे बाहेर टिकणार नाही, कोवळं रोप तर एका थंड रात्रीत जातं. आणि बी सामानात लपवून नेऊ नका. बहुतेक देशांत त्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. जिथे बहावा येतो तिथे तो रस्त्यांवर आणि उद्यानांत आधीच लावलेला असतो; परवानगी काढून तिथलीच शेंग उचला.